परसातल्या तीन बाटल्या

१२ नोव्हेंबर २००७, शिरूर. सकाळपासून दादाच्या स्टुडिओचा माळा उपसते आहे. उद्या भंगारवाला येणार, त्याच्याआधी बाटल्या निवडून ठेवायच्या आहेत. वहिनीला माळा रिकामा हवा. फोटो आता कॉम्प्युटरवर होतात आणि त्या प्रिंटरच्या खोक्यांना जागा लागते. डार्करूमचं सामान कुणालाच नको आहे. फोटो मोठा करून छापायचा एन्लार्जर कधीच गेला, ट्रे कुंड्यांखाली गेले. राहिल्या त्या माझ्या बाटल्या. मीच कधीतरी वर्तमानपत्रं कोंबून खोक्यांत रचल्या होत्या. तपकिरी काचेच्या, एकतीस.

"वन्सं, ही किती छान आहे! बूचपण घट्ट बसतंय," वहिनीनं एक बाटली उजेडात धरली. "काकवी भरायला ठेवू का?"

"ठेव खाली."

हे मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की बाहेर बाकावर बसलेल्या दोन मुली आणि त्यांची आई आत वाकून बघायला लागल्या. मुली दहावीच्या फॉर्मचे फोटो काढायला आल्या होत्या, तेल लावून चापूनचोपून वेण्या घातलेल्या. वहिनीनं बाटली ठेवली, हात पदराला पुसले. "धुऊन घेतली असती की मी," ती पुटपुटली. "एवढं काय त्यात!"

एवढं काय, ते तिला माहीत नाही. दादाला माहीत आहे, पण तो बोलत नाही.

मी भित्री बाई नाही. रेल्वे क्वार्टरच्या मोरीत निघालेली घोणस मी फावड्यानं मारली आहे. यार्डातले रूळ ओलांडून भर पावसात एकटी आले-गेले आहे. पण नोव्हेंबर लागला, शाळांच्या फाटकांपाशी फॉर्मची गर्दी दिसायला लागली, की माझे डोळे आपोआप घरातल्या बाटल्या मोजायला लागतात. फिनेलची, तेलाची, गुलाबपाण्याची, खोकल्याच्या औषधाची. परक्या घरी गेले तरी फडताळाकडे नजर जाते. ही बाटली आधी कशाची होती, असं मी एका लग्नघरात विचारलं होतं, लोणच्याच्या रसाबद्दल. यजमानीणबाईंचा चेहरा अजून आठवतो.

डार्करूममध्ये बाटलीच्या निवडीकडे कुणी लक्ष देत नाही. फोटोवाले कॅमेऱ्यावर बोलतील, लेन्सवर बोलतील, कागदावर तासभर वाद घालतील. पण डेव्हलपर, म्हणजे कागदावर फोटो उमटवणारं पाणी, हवेनं मरतो, हे शिकायला मला दोन महिने आणि पाच रोल लागले. दादानं सुरुवातीला सरबताची पांढऱ्या काचेची बाटली दिली होती. चार दिवसांत आतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं, आठवड्यात कोऱ्या कॉफीचं, आणि त्यात बुडवलेल्या रोलवर एका आख्ख्या वर्गाची तोंडं धुक्यात गेली. मग रॉकेलची बाटली घासून घेतली. रॉकेल काचेला सोडत नाही. मुलांच्या गालांवर तेलकट डाग उमटले. गोडेतेलाचा प्लास्टिकचा कॅन हायपोला चालतो. हायपो म्हणजे फोटो पक्का करणारं पाणी, खडीसाखरेसारखे खडे विरघळवून केलेलं. पण डेव्हलपरला प्लास्टिक नको, त्यातून हवा हळूहळू शिरतेच. लोखंडी झाकण गंजतं आणि गंजाचे कण आत पडतात. बिअरच्या बाटल्या काचेनं उत्तम, जाड आणि तपकिरी. आमच्या ह्यांनी सहा मिळवूनही आणल्या. हे मालगाडीचे गार्ड. आठवड्याच्या आत गार्ड-ड्रायव्हर उतरतात त्या रनिंग रूममध्ये कुणीतरी ह्यांना विचारलं, "काय राव, एकटंच बसता व्हय? बोलवत जा की आम्हाला." त्या सहाही बाटल्या त्याच दिवशी परत गेल्या.

मग मला दवाखान्याच्या बाटल्या सापडल्या.

दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात मिक्श्चर मिळायचं, पण बाटली घरून न्यावी लागे. खिडकीपाशी रांग, प्रत्येकाच्या हातात आपापली बाटली. आत कंपाउंडरच्या मागे मोठ्या बरण्या, पोटाचं गुलाबी, खोकल्याचं लालसर तपकिरी. तो बाटलीत नरसाळं घाली, ओती आणि बाहेरून कातरलेल्या कागदाची पट्टी डकवी. पट्टीला जितके दाते तितके डोस. गरज संपली की या बाटल्या भंगारात जात. वीतभर उंच, गडद तपकिरी, फिरकीचं बूच, बुचाच्या आत कागदाची चकती. मोठ्या एका बाटलीपेक्षा लहान दहा बऱ्या, कारण एक उघडली तरी बाकीच्या नऊ तोंडापर्यंत भरलेल्या राहतात. हवेला जागाच नाही. उरलासुरला डेव्हलपर असेल तर त्यात काचेच्या गोट्या सोडायच्या, म्हणजे पाणी पुन्हा गळ्यापर्यंत चढतं. कागदाच्या दात्यांवरून मापही कळायचं.

इतकी योग्य बाटली मला पुन्हा कधी मिळाली नाही. माझी चूक हीच होती, आणि ती कळायला तीन वर्षं लागली.

तेव्हा आम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. दादाचा स्टुडिओ शिरूरला, विहाराच्या बोळात. फॉर्मच्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला वेळ नसे. पाबळपासून न्हावऱ्यापर्यंतची मुलं फोटोला येत. दिवसभर तो फोटो काढी, रोल पत्र्याच्या डब्यात घालून शिरूर-दौंड एसटीच्या कंडक्टरकडे देई. दुपारी मी स्टँडवर जाऊन डबा घ्यायचा, घरी रोल धुवायचे, फोटो छापायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं डबा परत. मोरीच्या खिडकीला काळा कागद, वर झीरोचा लाल दिवा, पाटावर एन्लार्जर, खाली तीन ट्रे. मालगाडी गेली की सगळी मोरी थरथरे. तेवढा वेळ हात बांधून उभं राहायचं, नाहीतर फोटो हलतो. किती डबे असतील, त्याच्या आवाजावरून मी ओळखत असे.

मला ते काम आवडायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. पांढरा कागद पाण्यात सोडायचा. आधी केस येतात, मग भुवया, मग डोळे. पंधरा-सोळा वर्षांची ती मुलं, श्वास रोखून बसलेली, एकापाठोपाठ एक पाण्यातून वर यायची. थंडीत डेव्हलपर गार पडला की खाली गरम पाण्याची परात ठेवायची. माझ्या बोटांची नखं मार्चपर्यंत तपकिरी असत.

क्वार्टरमध्ये धंदा करायला परवानगी नव्हती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी काळा कागद बघून विचारलंही होतं. डोळे आलेत, उजेड सोसत नाही, असं मी सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, पुन्हा हा कागद दिसला तर कागद नाही, सामान बाहेर काढायला लावीन." ह्यांना तो प्रसंग फार लागला. महिनाभर हे मोरीत पाय टाकताना खाकरत.

डेव्हलपर ठेवून ठेवून बाटलीच्या आत काळपट थर धरतो. साबणानं जात नाही. त्यावर दादाचा उपाय होता बायक्रोमेट. नारिंगी खडे, फार सुंदर दिसतात, पारिजातकाच्या देठाचा रंग. त्यांचं पाणी करून बाटलीत रात्रभर ठेवायचं, थर सुटतो. मग बाटली सात-आठ पाण्यांनी खंगाळायची. दादानं पुडी देताना माझा हात धरून ठेवला होता. "हे विष आहे, निर्मला. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं जातात. हायपो कुणी प्यायलं तर उलटी होईल, निभावेल. ह्यानं नाही निभावणार."

"कळलं," मी म्हणाले. मला अशा गोष्टी दोनदा सांगितलेल्या आवडत नसत.

त्र्याण्णव सालचा नोव्हेंबर. मंगळवार होता. परसदारी कुंपणाच्या काट्यांवर मी बाटल्या पालथ्या घालत होते. नऊ धुतलेल्या होत्या. तीन बायक्रोमेटच्या, नुकत्याच रिकाम्या केलेल्या, अजून खंगाळायच्या. तेवढ्यात पुढून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, शिरूरची गाडी लागली!" कंडक्टर डबा घेऊन थांबत नसे. मी त्या तिन्ही बाटल्या नऊ बाटल्यांच्या शेजारी काट्यांवर अडकवल्या आणि चप्पल पायात सरकवली. परत आल्यावर धुऊ. डब्यात सात रोल निघाले. फॉर्मचा शेवटचा दिवस जवळ आला होता. मी मोरीत शिरले ते जेवायलाही बाहेर आले नाही.

बुधवारी दुपारी बारानंतर नवा डेव्हलपर भरायला मी बाटल्या आणायला गेले. कुंपणावर अकरा होत्या.

आधी मला वाटलं, पडली असेल. खाली बघितलं, गवतात बघितलं. मग एकेक काढून उजेडात धरली. नऊ स्वच्छ. दोनांच्या तळाशी नारिंगी कड.

मी परसातल्या दगडावर बसले. बाटली तपकिरी, आतलं नारिंगी बाहेरून दिसणार नाही. औषधाची बाटली, औषधाचीच वाटणार. भंगारवाल्यानं नेली असेल? तो सोमवारी येतो. मुलांनी? मुलांनी नेली असती तर एक नेली नसती.

भिंतीपलीकडे शालन भांडी घासत होती. तिचा नवरा गेटमन, आणि सासू भामाआजी त्यांच्याकडेच राहायच्या. आजींचं सगळं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. आता मेंढरं नव्हती, न्हावऱ्याकडे शेती होती, पण बसल्या जागी त्या अजून काठी हातात धरून बसत. आठवडाभर त्यांना खोकला होता. रात्री भिंतीतून ऐकू यायचा. त्या दिवशी सकाळपासून ऐकू आलेला नाही, हे मला तेव्हा, दगडावर बसल्या बसल्या लक्षात आलं.

"शालन, आजी कुठं गं?"

"आत्याबाई व्हय? न्हावऱ्याला गेल्या की, कमलवन्संकडं. सकाळी दवाखान्यात गेल्या, तिथनंच दहाची गाडी धरली."

"दवाखान्यात बाटली कुठली नेली?"

शालनचे हात राखेत थांबले. "त्यांची फुटली काल. तुमच्या कुंपणाची येक घेतली वाटतं. रागावलासा का? तुमच्याकडं ढीग असतोय म्हणून... आल्यावर देतील की."

"नाही गं. असू दे," मी म्हणाले. "मोजत होते, एक कमी भरली, म्हणून विचारलं."

हे वाक्य मी अगदी सरळ आवाजात म्हणाले. चौदा वर्षं मी ते ऐकते आहे. असू दे. तिच्या सासूच्या हातात विषाची बाटली, आणि मी तिला असू दे म्हणाले. कारण खरं सांगितलं असतं तर शालन ओरडली असती, कॉलनी गोळा झाली असती, कुणीतरी साहेबांकडे गेलं असतं, आणि आमचं सामान रस्त्यावर आलं असतं. हा सगळा हिशेब माझ्या डोक्यानं तिच्या हातावरची राख वाळायच्या आत केला. डोकं किती पटकन चालतं अशा वेळी.

हे सोलापूरकडे गाडी घेऊन गेले होते. न्हावऱ्यात फोन कुणाकडे आहे, मला माहीत नव्हतं. दादाच्या दुकानात फोन नव्हता. खोटं कशाला सांगू, मी आधी मोरीत जाऊन ट्रेमधले फोटो हायपोत टाकले. सवयीनं. मग लक्षात आलं, की आपण फोटो पक्के करत उभ्या आहोत. दाराला कुलूप घालून निघाले.

दोनच्या सुमाराला गाडी मिळाली. उसाचे दिवस. रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या, त्यांच्यामागे बैलगाड्या, आणि आमची एसटी सगळ्यांच्या मागे. शेजारी एक बाई कांद्याची रोपं ओल्या पोत्यात घेऊन बसली होती. त्यांचा उग्र वास अजून नाकात आहे. मी डोस मोजत होते. सकाळी एक. दुपारी एक. संध्याकाळी तिसरा. कागदाच्या पट्टीला सहा दाते असतात, मला पाठ होतं. भीमेच्या पुलावर गाडी थांबली, समोरून उसाची ट्रॉली कलंडत येत होती. ड्रायव्हर विडी पेटवून खाली उतरला. मी पंचशील म्हणायला सुरुवात केली, मनातल्या मनात, लहानपणापासून म्हणते तसं. पहिलंच शील. मी प्राणिहिंसेपासून दूर राहीन. तिथंच अडले. पुढचं आठवेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच. पाण्यात खाली म्हशी बसल्या होत्या, बगळा एकीच्या पाठीवर. सगळं इतकं निवांत होतं, की मला ओरडावंसं वाटलं.

मनुष्य भीतीत प्रार्थना करतो ती दुसऱ्यासाठी असते, हे मी वाचलेलं आहे. मी करत होते ती माझ्यासाठी होती. आजी वाचू देत, कारण त्या गेल्या तर मी सांगितलं नाही हे उरेल. एवढंच होतं माझ्या मनात. आजींचा चेहरासुद्धा नीट येत नव्हता डोळ्यांसमोर.

इथं जरा थांबते. वहिनी चहा घेऊन आली आहे, आणि बाटल्यांच्या ढिगाकडे बघून विचारते आहे, भंगारात किती द्यायच्या. एकही नाही. भंगारात दिलेली बाटली मरत नाही. ती काकवीवाल्याकडे जाते, मधवाल्याकडे जाते, कुणाच्या तरी फडताळात जाऊन बसते. या सगळ्या पोत्यात घालून वरवंट्यानं फोडणार आहे, असं सांगितलं तर वहिनी म्हणाली, "वरवंटा माझा नका घेऊ." बरोबर आहे तिचं.

न्हावऱ्याला उतरले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. कमलची वस्ती गावाबाहेर, उसाच्या पट्ट्यापलीकडे. तो बांध मी पळत गेले. तेहतिसाव्या वर्षी, पातळ गुडघ्यापर्यंत धरून. दारात कुत्रं भुंकलं, आणि त्याच्यामागून खोकल्याचा आवाज आला.

एवढं गोड खोकणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

भामाआजी अंगणात घोंगडीवर बसल्या होत्या. "आगं बया! फोटोवाली!" त्या म्हणाल्या. "तू हितं कुठं? फोटू काडाया आली व्हय माजा? मेल्याव काड."

"आजी, औषध घेतलं का?"

"घेतलं की. येक ष्टँडावरच घेतलं, येक जेवल्याव. ग्वाड हाय जरा, पर बरं वाटतंय."

"पोटात दुखतंय? मळमळतंय?"

"तू काय डागदरीण झालीस काय आज?" त्यांनी कमलकडे बघितलं. कमल चुलीपुढून उठून आली होती. माझा अवतार बघून तिला काहीतरी कळलं असावं, ती हसत नव्हती.

बाटली देवळीत होती. मी घेतली. सहा दात्यांची पट्टी, दोन दाते रिकामे. बूच काढून वास घेतला, मिक्श्चरचाच वास. बायक्रोमेटला वास नसतो, हे मला माहीत होतं, तरी पुन्हा पुन्हा घेत राहिले. सगळं मिक्श्चर अंगणाच्या कडेला ओतून टाकलं.

"आगं, आगं! रांगंत दीड तास हुबी व्हते मी!"

"आजी, बाटली भरायच्या आधी धुतली होती का?"

त्यांनी घोंगडीची कड सारखी केली. कमलनं नजर वळवली.

"धुतली की."

"नुसत्या पाण्यानं?"

"न्हाई. राख घातली, बारीक खडं घातलं, खळाखळा हालवली. मग उन पाणी. आसं च्यार येळा."

"चार वेळा? दवाखान्याची घाई असताना?"

आता त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांच्या नजरेत लाज नव्हती, थोडी दया होती. "आता तुला काय सांगू, बाय. तुज्या घरची बाटली. त्यातनं प्यायाचं व्हतं मला."

आम्ही बौद्ध. तीन वर्षं भामाआजी माझ्या ओट्यावर येऊन बसत होत्या. माझ्या हातचा चहा त्यांनी कधी घेतला नव्हता. "सोसत न्हाई," म्हणायच्या, आणि मी ते खरं धरून चालले होते. शालनकडे त्या दिवसातून पाच वेळा चहा घेतात, हे मला भिंतीवरून दिसत नव्हतं का? दिसत होतं.

मी खाली बसले, घोंगडीपासून हातभर अंतरावर, मातीत. मग सगळं सांगितलं. त्या बाटलीत काय होतं, ती चुकून तिथं कशी राहिली, चिमूटभरानं काय होतं. कमलनं तोंडावर हात ठेवला. आजी शांतपणे ऐकत राहिल्या. मग खोकल्या, थुंकल्या, आणि म्हणाल्या, "आन् तुमी लोक म्हणता, इटाळ-चंडाळ खोटं. इटाळ मानला म्हणून जित्ती हाय मी."

"विटाळानं नाही वाचलात, आजी. राखेनं वाचलात."

"आन् राख कशापायी लावली?"

त्यांना माझं तोंड बघून हसू आलं, हसताना पुन्हा ढास लागली, आणि त्यांची पाठ मी चोळायची की कमलनं, यात एक क्षण गेला. मग कमल पुढे झाली.

मला राग यायला हवा होता. तो आला, पण चार दिवसांनी, पोळ्या लाटताना, आणि इतका आला की तवा करपला. त्या संध्याकाळी मात्र भीतीनं त्याला जागाच ठेवली नव्हती. चार वेळा राख म्हणजे पुरेशी का? काचेच्या खांद्याशी, बुचाच्या चकतीत काही उरलं असेल तर?

गावात संध्याकाळी एक डॉक्टर मोटरसायकलवरून येत. कमलच्या नवऱ्यानं त्यांना वस्तीवर आणलं. मी त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला पहिल्याहून सोपं गेलं नाही. त्यांनी आजींचं पोट दाबलं, डोळे बघितले, जीभ बघितली. "एवढं घासलं असेल तर बहुतेक काही राहिलं नसणार," ते म्हणाले. "पण आज लक्ष ठेवा. उलटी, पोटात कळ, लघवीचा रंग. काही वाटलं तर तडक पुण्याला." जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, औषधाच्या बाटलीत ही वस्तू ठेवायची कुणी सुचवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच निवडली. ती सगळ्यात योग्य होती."

त्यांनी किक मारली.

मी तिथंच राहिले. शेवटची गाडी गेलीच होती, आणि असती तरी गेले नसते. जेवायला कमलनं पान वाढलं, ते कुठं वाढलं आणि भांडं कसलं होतं हे मी लक्षात ठेवलेलं नाही, मुद्दाम. भाकरी मी अर्धी ठेवली एवढं आठवतं. आजी मात्र दोन भाकरी खाऊन झोपल्या. कमल माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला कवा कळलं हे?"

"आज दुपारी. बाटल्या मोजताना."

"मंग आमच्या शालनवैनीला सांगितलं आसंल. आमच्या दादाला सांगितलं आसंल."

"नाही."

"का?"

मी क्वार्टरचं सांगितलं. काळ्या कागदाचं सांगितलं. सांगता सांगताच ते किती लहान होत चाललंय, ते मला ऐकू येत होतं.

कमल म्हणाली, "आई हितं न येता दुसरीकडं कुठं गेली आसती, तर? तुमची गाडी चुकली आसती, तर? वैनीला ठाव आसतं तर तिनं काय तरी हातपाय हालवलं आसतं की." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. त्यानं मला जास्त भीती वाटली.

ती बाटली शालनच्या परसदारी, शालनच्या डोळ्यांसमोर घासली गेली होती. मी दुपारी खरं बोलले असते, तर तिनं तिथल्या तिथं सांगितलं असतं की आत्याबाईंनी चार वेळा राख लावली. माझा तो पूल, त्या म्हशी, ते अडलेलं शील, सगळं वाचलं असतं. किंवा तिनं सांगितलंही नसतं. माझ्या तोंडावर, का घासली हे कसं सांगणार? एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी बायका, एकीनं विष लपवलं, एकीनं राख. यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि दोन्ही पारडी सारखी आहेत असं मला कधीच वाटलेलं नाही. कधी माझं जड वाटतं, कधी तिचं.

त्या हंगामात शिरूरच्या चौसष्ट मुलांचे फोटो एक दिवस उशिरा पोचले. दादानं शाळांच्या हातापाया पडून फॉर्म घ्यायला लावले. पंधरा दिवसांनी डार्करूम शिरूरला हलली, आणि वर्षभरात ह्यांची बदली झाली. हे मला एका शब्दानं बोलले नाहीत. बदलीच्या सामानाची यादी करताना फक्त म्हणाले, "बाटल्या तू बांध. मी हात लावणार नाही."

आजी पुढे सात वर्षं जगल्या.

पण त्या रात्री हे काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की सकाळी त्या उठतील की नाही ते बघायचं. त्या उजाडायच्या आधी उठल्या, काठी घेऊन उसाकडे गेल्या, परत आल्या आणि दुरूनच ओरडल्या, "फोटोवाले, पाणी-बिणी समदं झ्याक हाय गं! आता बघाया येतीस काय?" कमल खुदकन हसली. मला हसता आलं नाही. आजींना वाटलं संपलं. मला माहीत होतं, अर्धं राहिलं आहे, आणि तेच अवघड आहे.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी दौंडला आले. घरी जाऊन कुंपणावरच्या नारिंगी कडेच्या दोन बाटल्या काढल्या आणि त्या घेऊन नळावर गेले. पाणी नुकतं आलं होतं. दहा-बारा बायका होत्या, शालन सगळ्यात पुढे, बादली लावून. मला बघून म्हणाली, "रातच्याला कुठं होता वहिनी? कुलूप दिसलं."

"न्हावऱ्याला. तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत, ते आधी सांगते," मी म्हणाले. आवाज कापत होता, तो कापू दिला. "काल त्यांनी माझ्याकडून नेली, त्या बाटलीत विष होतं. या दोन्हींत आहे तेच. मला काल दुपारी तुझ्याशी बोलताना माहीत होतं. तू विचारलंस, रागावलात का, आणि मी असू दे म्हणाले."

बादली भरली. पाणी काठावरून वाहायला लागलं, शालनच्या पायांवरून, पुढे रांगेतल्या सगळ्यांच्या पायांवरून. नळ कुणी बंद केला नाही.